पुळणीवर कासवाचा माग दिसला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावात प्राथमिक शाळेवर असलेल्या शिक्षिका लिहितात की यंदा डिसेंबरात गावच्या पुळणीवर दोनदा समुद्री कासवाचा माग दिसला. एक घरटं कुत्र्यांनी उकरलं होतं आणि कवचं इकडेतिकडे पडली होती. गावातली जुनी माणसं म्हणतात, "पूर्वी खूप यायची." बाईंचे प्रश्न तीन: आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास गावात कासवांची घरटी राखतात तसं काम आमच्याकडे करता येईल का, शाळेतल्या मुलांना यात कसं घ्यायचं, आणि पिलं समुद्रात जाताना पाहुण्यांना दाखवतात तो कासव महोत्सव भरवायला काय काय लागतं?

बाई, मी गेली सतरा-अठरा वर्षं रायगड-रत्नागिरीच्या पुळणींवर हेच काम करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक गावं तिथेच घसरतात. महोत्सव यंदा भरवू नका. पुढच्या वर्षीही नको. वेळासचं नाव सगळे घेतात, पण तिथला क्रम कुणी पाहत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं २००२ साली पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाच्या पाहणीसाठी किनाऱ्याने फिरत होती. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं येतात, अंडी घालतात आणि त्यातली जवळजवळ सगळी अंडी माणसं किंवा कुत्री-कोल्ही घेऊन जातात. मग भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच माणसांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. महोत्सव आला तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी. तोवर गावाला रात्रीची गस्त, अंडी हलवणं, पिलं सोडणं हे सगळं अंगवळणी पडलं होतं. पाहुणे आले तेव्हा त्यांना दाखवायला गावाकडे काम होतं.

आता पहिला प्रश्न, म्हणजे सुरुवात कुठून करायची. वनविभागापासून करायची, पंचायतीपासून करायची, असं तुम्हाला कुणीही सांगेल, आणि ते खोटं नाही. माझं उत्तर मात्र वेगळं आहे. तुमच्या गावात अंडी काढणारा माणूस कोण, ते आधी शोधा.

असा माणूस प्रत्येक किनारी गावात एखाद-दुसरा असतोच. सगळ्यांना तो ठाऊक असतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. मी ज्याच्याकडून काम शिकलो तो असाच होता. पहिल्या हंगामात आम्ही चार जण बॅटऱ्या घेऊन रात्रभर पुळण तुडवायचो आणि सकाळी हात हलवत परत यायचो. एका पहाटे तो सुरूच्या बनातून खाली उतरला, आमच्याकडे न बघता ओल्या वाळूपर्यंत गेला आणि म्हणाला, "ही आली हिकडून, गेली तिकडून." कासव चढतानाचा माग आणि उतरतानाचा माग वेगळा ओळखता येतो हे मला तेव्हा कळलं. वल्ह्यासारख्या पायांनी वाळू नेहमी मागे लोटली जाते, त्यामुळे वाळूच्या छोट्या ढिगाऱ्यांवरून दिशा कळते. आपल्याकडे येणारी ऑलिव्ह रिडले जातीची कासवी एकाआड एक पाय टाकत चालते, म्हणून तिचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पण डाव्या-उजव्या बाजूला पुढेमागे उमटलेला असतो. हिरवं कासव दोन्ही पुढचे पाय एकदम टाकतं, त्यामुळे त्याचा माग दोन्ही बाजूंना सारखा. माग जिथे वळतो तिथे परातीएवढी विस्कटलेली वाळू असते. तो गृहस्थ गुडघ्यावर बसला आणि मुठीने वाळू दाबत गेला. कडक, कडक, कडक, आणि एका जागी मूठ आत गेली. "हितं," म्हणाला. दीड फूट खाली एकशे अकरा अंडी होती. मोजून एकशे अकरा. आकडा लक्षात राहिला कारण त्याने मोजायच्या आधीच "शंभराच्या वर हायत" असं सांगितलं होतं.

हा माणूस तुमच्या बाजूने आला तर अर्धं काम झालं. तो विरोधात राहिला तर तुम्ही कितीही फलक लावा, तो तुमच्या आधी पहाटे तीन वाजता पुळणीवर पोचणार. त्याला कायदा सांगून वळवता येत नाही. त्याच्याकडे असलेल्या ज्ञानाचा मान राखला, चार माणसांत त्याला शिकवायला उभं केलं आणि हंगामापुरतं का होईना मानधन मिळवून दिलं, तर वळतो. आज किनाऱ्यावर ज्यांना 'कासवमित्र' म्हणतात त्यांतले कितीतरी जण पूर्वी याच वाटेने अंड्यांसाठी जात होते. मानधनाबद्दल एक सावधगिरी: सरकारी पैसा मंजूर होऊन हातात पडेपर्यंत कासवं येऊन, अंडी घालून, पिलं समुद्रात गेलेली असतात. माझ्या एका गावात नोव्हेंबर ते एप्रिल राबलेल्या दोघांना पैसे मिळाले पुढच्या गणपतीला. पुढच्या हंगामात त्यातला एक आलाच नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पंचायतीने किंवा गावच्या मुंबईकर मंडळाने पहिल्या दोन महिन्यांची रक्कम आधी बाजूला काढून ठेवली तर फार फरक पडतो. मुंबईकर मंडळी देवळाच्या सभामंडपाला वर्गणी देतात, याला का देणार नाहीत? बऱ्याच देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. तिथून विषय काढा.

कायद्याचं मात्र पक्कं असू द्या. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. अंड्याला हात लावायचा तरी वनविभागाची परवानगी आणि त्यांच्या माणसाची देखरेख लागते. तुम्ही चांगल्या हेतूने अंडी हलवलीत तरी परवानगीवाचून तो गुन्हाच ठरतो. तेव्हा या आठवड्यातच तुमच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, सोबत मागाचे आणि उकरलेल्या घरट्याचे फोटो, तारीख आणि जागा जोडा. पत्राची पोच घ्या. नुसत्या फोनवर विसंबू नका.

हॅचरीबद्दल, म्हणजे हलवलेली अंडी पुरून राखायच्या जाळी लावलेल्या जागेबद्दल, सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात आणि त्या दिसतात दीड-दोन महिन्यांनी, तेव्हा काही करता येत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक घरटं हलवायलाच हवं असं नाही. कासवीने निवडलेली जागा भरतीरेषेच्या वर असेल आणि राखण करणं शक्य असेल, तर जाळी लावून तिथेच राखलेलं केव्हाही चांगलं. कोकणात बहुतेक घरटी हलवतात कारण कुत्री, कोल्ही, घोरपडी आणि माणसं यांच्यापुढे विखुरलेली घरटी राखायला माणूसबळ नसतं. ही आपली अडचण आहे, कासवाच्या हिताची गोष्ट नव्हे, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

हलवायचंच तर लवकर. अंडी घातल्यावर दोन-तीन तासांत उत्तम, उशीर झाला तर पाच-सहा तासांच्या आत. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटायला लागतो. मग अंडं फिरलं की तो सुटतो आणि मरतो. बाहेरून काही कळत नाही, अंडं तसंच पांढरंशुभ्र दिसतं. म्हणून पहाटेची गस्त महत्त्वाची आणि म्हणूनच सकाळी दहाला सापडलेलं घरटं शक्यतो आहे तिथेच राखावं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच कडक नसतं, ओल्या चामड्यासारखं दबतं. बोटांनी एकेक उचलायची, न फिरवता, त्याच घरट्यातली ओली वाळू तळाला घातलेल्या बादलीत किंवा टोपलीत ठेवायची. मोटारसायकलच्या हँडलला बादली अडकवून कच्च्या रस्त्याने नेणारे मी पाहिलेत. तसं करू नका. चालत न्या.

नवा खड्डा कासवीच्या खड्ड्यासारखाच हवा: तोंड अरुंद, खाली पोट सुटलेलं, सुरईच्या आकाराचा, साधारण दीड फूट खोल. फावड्याने होत नाही, हाताने खणावा लागतो. कासवी मागच्या पायांनी एकदा डावा, एकदा उजवा असं करत ओंजळभर वाळू इतक्या हळुवारपणे वर काढते की जवळ बसून पाहिलं तर आपल्याला लाज वाटते. अंडी ठेवून झाली की मूळ घरट्यातली ओली वाळू आधी, मग कोरडी. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. आणि हॅचरीची जागा दर वर्षी बदला, कारण फुटक्या अंड्यांमुळे त्या वाळूत बुरशी आणि किडे वाढतात.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या की चौथ्या हंगामात आम्ही हॅचरी पाण्याच्या जवळ केली, राखणाऱ्याला झोपडीतून दिसावी म्हणून. भरतीरेषा पाहिली होती, पण रोजच्या भरतीची पाहिली, उधाणाची नाही. मार्चमधल्या पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जाळीच्या आत आलं. फार नव्हे, घोट्याएवढं, आणि तासाभरात ओसरलंही. आम्ही म्हटलं, काही होत नाही. चार घरट्यांचे दिवस भरले तरी वाळू हलली नाही. साठाव्या दिवशी वनरक्षकाला बोलावून उकरलं तर जवळजवळ पूर्ण वाढलेली पिलं कवचात तशीच. पाण्याने वाळूतली हवा कोंडली होती. ते उकरताना माझ्याबरोबर असलेला कासवमित्र काहीच बोलला नाही, फक्त प्रत्येक अंडं मोजून बाजूला ठेवत गेला. चारशेच्या आसपास होती. तेव्हापासून नव्या गावात मी पहिल्यांदा तिथल्या रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारतो की सगळ्यांत मोठ्या उधाणाला पाणी कुठवर येतं. ते बोट दाखवतात तिथून आणखी दहा पावलं वर जायचं.

जागा वर हवी म्हणून सुरूच्या गर्द सावलीत जाऊ नका, त्याची मुळं खड्ड्यात शिरतात आणि शिवाय तापमान बदलतं. हा तापमानाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मुलांसाठी सगळ्यांत सुंदर धडा याच्यात आहे. कासवाचं पिलू नर होणार की मादी, हे अंड्यात बीज पडताना ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही निघतात. त्याहून थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त, आणि ३४-३५ च्या वर तापत राहिलं तर गर्भच दगावतात. म्हणजे आपण हॅचरी कुठे करतो, वर हिरवी जाळी घालतो की नाही, यावर पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती हे ठरत असतं. मार्च-एप्रिलच्या घरट्यांवर सावलीची जाळी लागते, डिसेंबर-जानेवारीच्या घरट्यांवर नको. सरसकट घातलीत तर निसर्गात आपण नको तेवढी ढवळाढवळ केली.

पिलं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. पंचेचाळिसाव्या दिवशी खड्ड्यावर टोपली पालथी घाला. पिलं बाहेर येण्याआधी एक-दोन दिवस वरची वाळू मध्यभागी वाटीसारखी खचते, ती खूण. मग रात्री दर तासाला पाहायचं. पिलं निघाली की लगेच सोडायची. घरट्यातून वर आल्यावर त्यांच्या अंगात पहिल्या दिवसापुरती जबर धावपळ भरलेली असते. पोटातल्या उरलेल्या बलकाच्या जोरावर ती न थांबता पोहत खोल समुद्राकडे जातात, कारण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांना खाणारे फार. ती ताकद टबमध्ये गोल गोल फिरण्यात संपवली की समुद्रात सोडलेलं पिलू हे नुसतं माशांचं खाद्य. पाहुणे सकाळी सातला येणार म्हणून रात्री दहाला निघालेली पिलं थांबवून ठेवणं, हे मी पाहिलेलं आहे, अगदी नावाजलेल्या ठिकाणी. माझ्या मते हे अंडी विकण्याच्या जवळ जाणारं आहे. पाण्यापासून आठ-दहा मीटर मागे वाळूवर सोडा, चालत जाऊ द्या, उचलून लाटेत टाकू नका. सोडायची जागा रोज बदला, नाहीतर घारी आणि मासे वेळापत्रक शिकतात.

मुलांकडे येतो. तुम्ही शिक्षिका आहात, मी नाही, तेव्हा काय चाललं आणि काय फसलं एवढंच सांगतो.

फसलं ते आधी. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही शाळांमध्ये पडद्यावर चित्रं दाखवायचो आणि शेवटी दरडावून सांगायचो: अंडी काढणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. एका शाळेत पहिल्या बाकावरचा सगळ्यांत चुणचुणीत मुलगा त्या वाक्यानंतर गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पुळणीवरच्या फेरीला आला नाही, नंतरही कधी नाही. पुढे कळलं, त्याचा बाप अंडी काढायचा. आम्ही त्या पोराला वर्गात बसवून त्याच्या बापाला शिक्षा सुनावली होती. बाई, मुलांना त्यांच्याच घरात पोलीस करू नका. गावातलं शिक्षण आणि शहरातलं शिक्षण यात हा फरक आहे: शहरातल्या मुलाला कासव हा विषय असतो, तुमच्या वर्गात ते कुणाच्या तरी जाळ्यात, कुणाच्या तरी चुलीवर असतं.

चाललं ते असं. एक, चिंचोक्यांचा खेळ. मुलांकडून हजार चिंचोके मोजून घ्या. मोजण्यातच एक तास जातो आणि तो जाऊ द्यावा. मग वाळूत वर्तुळं काढा: कुत्रा, कोल्हा, घोरपड, खेकडा, कावळा, घार, मोठा मासा, जाळं. एकेका वर्तुळात मुठीने चिंचोके टाकत जायचं. हजार पिलांतून मोठं होऊन अंडी घालायला परत येणारं जेमतेम एखादं, असं मानतात. शेवटी एका मुलीच्या तळव्यावर एक चिंचोका उरतो तेव्हा वर्ग शांत होतो, काही सांगावं लागत नाही. ती मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे तुमच्या चौथीतल्या मुलांनी आज सोडलेलं पिलू अंडी घालायला येईल तेव्हा ही मुलं नोकरीला लागलेली असतील.

दोन, तारेचा साधा डिजिटल थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो. हॅचरीतल्या रिकाम्या जागी त्याचं टोक दीड फूट खोल पुरा, दुसरा वरच्या वाळूत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मुलांनी वहीत आकडे लिहायचे. दुपारी वरच्या वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि दीड फुटावर आकडा जेमतेम हलतो, हे मुलांनी स्वतः पाहिलं की कासवी एवढा खोल खड्डा का खणते हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि एक सांगतो: दोन-तीन वर्षांची अशी नीट ठेवलेली वही ही खरी माहिती असते. वनविभागाच्या आणि संशोधकांच्या उपयोगी पडते. मुलांना ते सांगा, वहीतली खाडाखोड आपोआप कमी होते.

तीन, पहाटेचा माग. शनिवारी सकाळची शाळा असते, त्याआधी पालकांबरोबर पुळणीवर एक फेरी. माग दिसला तर मोजायचा, चित्र काढायचं, वनरक्षकाला कळवायचं. हात लावायचा नाही. त्या फेरीला मी वर सांगितलेल्या माणसाला पुढे घाला. ज्याच्याकडे गाव चोर म्हणून पाहत होतं त्याला पोरं 'काका, हे काय, काका, ते काय' करत विचारतात, ते त्याने आयुष्यात कधी अनुभवलेलं नसतं.

मुलं एक प्रश्न हटकून विचारतील: कासवी अंडी घालताना रडते का? डोळ्यांतून पाणी खरंच वाहतं, आणि आजीने त्यांना प्रसूतीच्या कळा म्हणून सांगितलेलं असतं. ते पाणी म्हणजे अंगात गेलेलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं काम, समुद्रातही ते चालूच असतं, फक्त दिसत नाही. दुसरं, कासवी नुसत्या नजरेने पिलं वाढवते, हा आपल्या कीर्तनांतून आलेला दृष्टान्त. प्रत्यक्षात ती अंडी पुरून, अंगाने वाळू थोपटून तासाभरात समुद्रात जाते आणि पिलांचं तोंडही पाहत नाही. मी हे सांगताना दृष्टान्ताची टिंगल करत नाही. एका आजोबांनी मला सुनावलं होतं, "मग तिची नजर तुमच्यातनं आली म्हणा की." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही कासवं जातात कुठे, हेही मुलांना आवडतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका कासवीच्या पाठीवर पहिल्यांदा उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाचं ते काम. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' दक्षिणेला जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका कासवीच्या पायाला धातूची पट्टी सापडली, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशात लावलेली होती. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला ही कासवं लाखोंनी एकदम येतात, आपल्याकडे एकेकटी. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगवेगळी असा आमचा समज होता. नकाशावर दोरा धरून मुलांना ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरपर्यंत मोजायला लावा.

आता जे फलकांवर कधी येत नाही ते. 'यंदा इतकी हजार पिलं सोडली' हा आकडा गावाला, वर्तमानपत्राला आणि आम्हालाही गोड लागतो. पण पिलांच्या आकड्यापेक्षा मोठी कासवं जगतात का, यावर संख्येचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. पंधरा वर्षं जगून अंडी घालायला निघालेली एक कासवी ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरली तर ती हजार चिंचोक्यांतून उरलेला तो एक चिंचोका होती. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळं तास-दोन तास ओढत राहिलं की ते बुडून मरतं. यावर जाळ्यात बसवायची चौकट आहे: गजांच्या फटींतून कोळंबी मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. मच्छीमार म्हणतात त्यातून मासळीही जाते, आणि हा आक्षेप निव्वळ बहाणा नाही, थोडी जाते. पण २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी याच कारणावरून घेणं थांबवलं, तेव्हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

तुमच्या गावाच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो लागतो, अर्ज लागतो. तुमच्या बंदरावरच्या किती तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, हे माहीत आहे, विचारून पाहा. मुलांना भित्तिचित्रं काढायला लावायची असतील तर 'कासव वाचवा' ऐवजी ही माहिती रंगवून घ्या, मोबाइलवर फोटो कसा घ्यायचा त्यासकट. त्याचा उपयोग जास्त.

पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बहुतेकदा तुटक्या जाळ्यात गुरफटून पाय कापलेली. लोक दयेने त्यांना पुन्हा पाण्यात ढकलतात. तसं करायचं नाही, ती अशक्त असतात आणि बुडतात. टाकीतही टाकायचं नाही. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या, आणि वनविभागाला फोन. डहाणूला अशा कासवांवर उपचार होतात, पाय गमावलेली कासवंही तिथून बरी होऊन समुद्रात गेली आहेत.

आणि दिवे. पिलं बाहेर आली की उजेडाकडे धावतात, कारण हजारो वर्षं रात्रीचा समुद्र हाच किनाऱ्यावरचा सगळ्यांत उजळ भाग होता. आता तो मान हॉटेलच्या फोकसला आणि बंदरावरच्या उंच खांबाला मिळालाय. गोव्यात मोरजी आणि आगोंदला हीच भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. कासवांची वीण होणारा किनारा हा सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या नियमांत पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात मोडतो. म्हणून वनविभागाच्या दप्तरी तुमच्या गावची घरटी नोंदली जाणं गरजेचं. उद्या पुळणीवर दगडी बंधारा घालायचा प्रस्ताव आला तर ही नोंदच उपयोगी पडेल. बंधारा झाला की कासवी येते, दगडांना डोकं लावते आणि परत जाते.

महोत्सवाचं शेवटी पाहू. तिसऱ्या वर्षी, घरटी नियमित मिळत असतील तर, छोटा करा. घरगुती सोय, रात्री वीस-पंचवीस पाहुण्यांहून जास्त नाही, पैसे घेताना आधीच लिहून सांगायचं की पिलं दिसतीलच असं नाही. मी पुण्याहून सहा-सात तास गाडी हाकत आलेल्या एका कुटुंबाला दोन दिवस पिलं न दिसता परत जाताना पाहिलंय. बाप चिडला होता. त्याची मुलगी मात्र यजमान बाईंकडे बसून उकडीच्या मोदकाला पाकळ्या घालायला शिकली आणि खाडीच्या तोंडाशी तिने शंखांनी पिशवी भरली. तुमच्या गावाने पिलं दिसण्यावरच सगळं बेतलं तर पिलं अडवून ठेवायचा मोह होणार, म्हणून गावाकडे दाखवायला आणखी काही असू द्या.

तुमच्या पत्रात पुळणीच्या कोणत्या टोकाला खाडीचं तोंड आहे ते नाही, आणि बंदरावरचा तो उंच दिवा रात्रभर चालू असतो का तेही नाही. एवढं कळवा. उकरलेल्या घरट्याची जागा कागदावर रेघा मारून पाठवलीत तरी चालेल, हॅचरी कुठे असावी ते त्यावरून सांगता येईल. जानेवारीतल्या दोन-तीन रात्री मी येऊन बसायला तयार आहे. अंडी काढणाऱ्या त्या माणसाला मात्र मी येतोय हे आधी सांगू नका. त्याच्या घरी चहाला आपण दोघं जाऊ.